वाळत घातलेले चेहरे

साहेबांनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं अर्धं बशीत ठेवलं आणि कार्यालयात परत जाऊन लिहिलं: "अर्जदाराच्या घरातील दर्शनी भिंतीवर अर्जदाराने स्वतः काढलेले चित्र आढळून आले. सदर चित्र पाश्चात्त्य धर्तीचे व विचित्र असून त्यात जमातीच्या पारंपरिक कलेचा मागमूसही दिसून येत नाही."

अहवालाची प्रत टपालानं भद्रावतीला आली. रंजीतानं ती दारातच उभं राहून वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचित्र म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. विचित्र तर ते होतंच, त्यासाठी तिनं सहा महिने हात घासले होते. राग याचा होता की आपणच काढलेलं आपलं चित्र या माणसानं आपल्याविरुद्ध साक्षीला उभं केलं. घरातला फ्रिज आणि सोफासुद्धा अहवालात आला होता. चहाबिस्किटांचा उल्लेख मात्र कुठं नव्हता.

हा सगळा उपद्व्याप नोकरीसाठी होता. रंजीता तोडासे, वय सव्वीस, जमात गोंड. एटापल्लीच्या पुढच्या एका आश्रमशाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून तिची राखीव जागेवर निवड झाली होती. जातीचा दाखला तिच्याकडं लहानपणापासून होता. पण नुसत्या दाखल्यावर सरकारचा विश्वास नसतो. दाखला खरा आहे असा आणखी एक दाखला लागतो, त्याला वैधता म्हणतात. ती सहा महिन्यांत आणून दिली नाही तर नोकरी गेली. ती द्यायला समिती असते. समितीचा माणूस घरी येऊन भिंती बघतो, मग सुनावणीला बोलावतात आणि तुम्हाला तुमच्या जमातीबद्दल किती आपुलकी आहे, याची तोंडी परीक्षा घेतात; कागदोपत्री त्या आपुलकीला आप्तभाव म्हणतात. देव किती, नाच कोणता, लग्नात काय करता, मयतीत काय करता, बोला. आपण कोण, हे सांगून दुसऱ्याकडून पास व्हायचं. असली परीक्षा ज्याला कधी द्यावी लागली नाही, त्याला तिच्यातला अपमान कळायचा नाही.

रंजीताची पंचाईत अशी की ती वाढली फॅक्टरीच्या कॉलनीत. तिचा बाप देवाजी पंचविशीत गाव सोडून भद्रावतीला आला, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला आणि चौतीस वर्षांनी निवृत्त होऊन भद्रावतीतच दोन खोल्या बांधून राहिला. सरळ माणूस. साहेब दिसला की बसल्या जागेवरून उठायचं, साहेब बोलला की मान हलवायची, एवढ्या शिदोरीवर त्यानं नोकरी निभावली. पोरगी भोंग्यावर उठली, भोंग्यावर शाळेत गेली. वर्षातून दोनदा गावाला, तेही आठ दिवस. गोंडी तिला समजायची, बोलायला गेली की जीभ अडखळायची. कॉलनीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तू वाटत नाहीस गं आदिवासी. गावातल्या पोरी म्हणायच्या, बाई, तू तं शहरातली. दोन्हीकडं ती हसून वेळ मारून न्यायची.

चंद्रपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला नीलिमा मॅडमनी सगळ्यांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. अट एकच. आरशात दिसतं ते काढायचं नाही, झोपेत दिसतं ते काढायचं. जे सुसंगत वाटेल ते पुसा, म्हणाल्या. रंजीतानं पहिला महिना गोड गोड चेहरे काढून पुसण्यात घालवला. मग एका दुपारी कंटाळून तिनं चेहरा काढलाच नाही, आणि तिथून चित्र चालू लागलं.

चित्रात एक बाई स्टुलावर बसली होती. अंगात कॉलनीच्या शाळेचा निळा युनिफॉर्म, पण बाई मोठी, त्यामुळं बाह्या दंडाला काचलेल्या. उजवा हात कोपरापर्यंत ऐनाच्या झाडाचा, तीच मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. डाव्या कानाच्या जागी भोंगा. मानेवर बाकी काहीच नाही, तिथून मागची भिंत दिसायची. आणि भिंतीपुढं तारेवर चिमटे लावून पाच चेहरे वाळत घातलेले, ओले, खाली पाणी गळणारे. एक कॉलेजात घालायचा, एक गावात, एक साहेबलोकांपुढं, असे. पाचही तिचेच होते आणि पाचांतला एकही तिला धड बसत नव्हता. ते चित्र पुरं झालं त्या दिवशी रंजीताला बऱ्याच वर्षांनी खरं बोलल्यासारखं वाटलं होतं. तिनं ते घरी आणून बैठकीत लावलं. देवाजीला ते आवडलं नाही. बिनतोंडाची पोरगी आल्यागेल्यासमोर काऊन टांगायची, असं तो कुरकुरला, पण काढायला लावलं नाही.

चौकशीचे साहेब आले तेव्हा त्याच चित्रासमोर बसले. हे कोण, त्यांनी विचारलं. मीच, रंजीता म्हणाली. चेहरा कुठं आहे? तिनं तारेकडं बोट दाखवलं. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, मग घरात धनुष्यबाण, ढोल, मोरपिसं असं काही आहे का म्हणून विचारलं. तिच्या आईनं, गुणाबाईनं, देव्हाऱ्याकडं हात केला. तो त्यांनी लांबूनच बघितला आणि काहीतरी लिहिलं.

अहवाल आला आणि घरात सुतक शिरलं. सुनावणीला वीस दिवस होते. बातमी कळताच रंजीताचा मामेभाऊ पवन फटफटीवरून हजर झाला. त्याची वैधता दोन वर्षांपूर्वीच झाली होती आणि तेव्हापासून तो नात्यातल्या सगळ्यांचा सल्लागार होता. त्यानं खिशातून घडी केलेल्या झेरॉक्स काढल्या. चौऱ्याण्णव प्रश्न, उत्तरांसकट. कार्यालयासमोरच्याच झेरॉक्सवाल्याकडं मिळतात, म्हणाला, सगळे यावरूनच जातात. आणि चित्रावरही त्याच्याकडं इलाज होता.

"काडीची मानसं काढायची," पवन म्हणाला. "गोल करून नाचतेत ना, ती. फ्रेम करून ने. म्या बी नेलं होतं, साहेब खूश झाला."

"दादा, ते वारली हाय. वारली तिकडले, समुद्राकडले. आपला त्यायचा का संबंध?"

"साहेबाले का मालूम हाय?"

रंजीता नाही म्हणाली. तीन दिवस नाहीच म्हणाली. कुणी तिच्यावर ओरडलं असतं तर तिला बरं झालं असतं, पण देवाजी ओरडणाऱ्यांतला नव्हता. तो जेवायचा, हात धुवायचा आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी तो तिथूनच, तिच्याकडं न बघता म्हणाला, "तू म्हणते तुह्या तोंडाचा सवाल हाय. मंग तोंड ठेव घरी, अन् नोकरी घे. आमी बी तसंच केलं."

तिनं गेरूच्या रंगाचा कागद घेतला, पांढरा रंग कालवला आणि दीड तासात बेचाळीस माणसं नाचवली. दोन त्रिकोण, वर टिकली, झाला माणूस. मधे तारपा वाजवणाराही काढला, ज्याला तिच्या गावात कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. गुणाबाईनं खूप छान म्हटलं. देवाजीनं भिंतीवरून तिचं चित्र उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं, कपाटामागं सरकवलं आणि त्याच खिळ्यावर वारली लावली. रंजीता दारात उभी राहून बघत होती. तिला शरम वाटली, आणि शरमेहून संताप जास्त. कोणावर चिडावं ते मात्र कळेना. साहेब लांब होते, बाप समोर होता, आणि कागद तिनं स्वतःच्या हातानं रंगवला होता.

सुनावणीला गावाकडचं वडीलधारं माणूस लागतं. म्हणून ती मनकर्णाआत्याला आणायला निघाली. मनकर्णा ही देवाजीची थोरली बहीण, साठीच्या पुढची, एटापल्लीपासून आठ मैल आत राहणारी. गोंडपिपरी, आलापल्ली करत एसटीनं एटापल्ली, पुढं काळीपिवळीनं, उरलेलं पायी. आत्या अंगणात मोहफुलं वाळायला पसरत होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, त्यावर मोहाचा चिकटा. समितीला पाहिजे असलेला सगळा आप्तभाव त्या अंगणात उन्हात बसला होता, पण तो अर्जाला जोडायची सोय नव्हती.

जेवण झाल्यावर रंजीतानं मोबाइलवर दोन्ही चित्रं दाखवली. वारली बघून आत्यानं मान डोलावली.

"नाचून राह्यले. कोनाचे लोक व्हयत?"

"वारली म्हन्तेत त्यायले. लई दूरचे."

"मंग आपल्या घरी काऊन आले?"

रंजीतानं दुसरं चित्र पुढं केलं. आत्यानं ते डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघितलं. बिनडोक्याच्या बाईचं तिला नवल वाटलं नाही. हाताच्या सालीवर तिनं बोट ठेवलं. हा ऐन, म्हणाली, आपल्या पेनाचं झाड. पेन म्हणजे देव, आणि तोडाशांचे सहा पेन गावाबाहेरच्या एका जुन्या ऐनाखालीच बसतात. मग ती तारेवरचे चेहरे एकेक करून बघत गेली आणि चौथ्यावर थांबली.

"हे नाक तं माहं हाय," आत्या म्हणाली.

रंजीतानं मोबाइल हातात घेतला. सहा महिने तिनं ते चित्र रंगवलं होतं, आपलंच नाक म्हणून रंगवलं होतं, आणि ते आत्याचं होतं. तोच मधे किंचित बसलेला दांडा, तीच रुंद नाकपुडी. पाश्चात्त्य धर्तीचे, असं लिहिणाऱ्या माणसाच्या समोर ते नाक दोन हातांवर लटकत होतं. रंजीताला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की तिला अंगणात फेऱ्या माराव्या लागल्या. आत्या आपली मोहफुलं खालीवर करत बसली.

सुनावणीच्या खोलीत टेबलामागं तिघं होते. मधोमध घरी आलेले साहेब, दोन्ही बाजूंना दोन सभासद, त्यांतला एक शेवटपर्यंत बोलला नाही. देवाजी मागच्या बाकावर फ्रेम मांडीवर घेऊन बसला, साहेबांनी बघितलं तेव्हा उठला, पुन्हा बसला. आधी साक्षीदार, म्हणून मनकर्णाआत्याला पुढं बोलावलं. आत्यानं जोहार घातला. साहेबांसमोर एक टंकलिखित कागद होता, त्यावर डावीकडं प्रश्न आणि उजवीकडं उत्तरं.

लग्नाचा मांडव कशाचा घालता? आत्या म्हणाली, मोहाच्या डांगा अन् वर जांभळीचा पाला. साहेबांनी कागदावर बोट फिरवलं आणि मान हलवली. उंबर पाहिजे होता. आमच्याकडं उंबर कमी हाय, आत्या म्हणाली. पारंपरिक नाच कोणता? रेला, आत्या म्हणाली, आणि साहेबांनी विचारलं असतं तर तिनं तिथंच गाऊनही दाखवला असता.

"इथं ढेमसा दिलेलं आहे," साहेब म्हणाले.

"ढेमसा तिकडं, जिवतीकडं नाचतेत, साहेब. आमी रेला."

"बाई, हे अभ्यास करून तयार केलेलं आहे."

असे सात प्रश्न झाले. गोंदलेल्या हातांची, साठ पावसाळे त्या रानात काढलेली, गावात कुणाचंही लग्न जिच्याशिवाय अडतं ती बाई सातांपैकी दोन गुणांवर नापास झाली. साहेब मोठ्यानं उच्चारत लिहीत गेले की साक्षीदारास जमातीच्या चालीरीतींचे पुरेसे ज्ञान नाही. आत्याला ती सरकारी मराठी नीट कळली नसावी. पण सूर कळला. ती हळूच बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मग रंजीता. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. आणि रंजीताच्या तोंडातून चौऱ्याण्णव उत्तरांची झेरॉक्स आपोआप निघू लागली. मांडव? उंबराचा. नाच? ढेमसा. साहेब प्रत्येक उत्तराला खूण करत होते, चेहरा फुलत होता. शेजारच्या सभासदानंही चांगली माहिती आहे असं म्हटलं. रंजीताला कळत होतं की आपल्या प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर बाजूच्या खुर्चीतली आत्या पुन्हा एकदा चुकीची ठरत आहे. तरी ती बोलत राहिली, कारण नोकरी तीन प्रश्नांवर आली होती. मग दोन. मग एक.

"आणि ते चित्र?" साहेब म्हणाले.

देवाजीनं लगबगीनं फ्रेम पुढं नेली. साहेबांनी ती दोन्ही हातांत धरली, लांब केली, जवळ घेतली.

"वा. हे बघा, ही तुमची परंपरा. हे सोडून घरात ते भलतंच काय टांगलं होतं? ही मुळं जपायची असतात." आणि त्यांनी लिहायला घेतलं, पुन्हा मोठ्यानं: अर्जदारास जमातीच्या पारंपरिक कलेचे समाधानकारक ज्ञान आहे.

रंजीतानं आत्याकडं बघितलं. आत्या रागावली नव्हती. ती फ्रेमकडं बघत होती, आणि लोकांच्या घरी नाचायला आलेल्या त्या परक्या माणसांची तिला जणू कीव येत होती. रंजीताच्या डोळ्यांपुढं आश्रमशाळा आली. तीस-चाळीस पोरं, सगळी आत्याच्या नाकाची, आणि आपण फळ्यावर त्रिकोण काढून त्यांना सांगतोय की हे तुम्ही आहात. तिला स्वतःची किळस आली.

"साहेब, ते आमचं नाही," ती म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं.

"ते वारली आहे. मी दीड तासात नक्कल केली, तुम्हाला दाखवायला. ढेमसा मी कधी बघितला नाही. उंबर पाठ केलं. खाली झेरॉक्स मिळते, तिच्यातली उत्तरं दिली मी. तुम्ही माझ्या आत्याबाईला नापास केलं, पण बरोबर तिचंच होतं. आणि तुम्ही घरी जे चित्र बघितलं, ते मी आहे. त्यात तिचं नाकसुद्धा आहे."

साहेबांना राग आला, आणि तो खोटं बोलल्याचा नव्हता, खरं बोलल्याचा होता. त्यांनी आवाज खाली आणून तिला समजावलं. तुमचं काम झालं होतं. मी लिहिलेलं आहे. तुम्ही गप्प बसा, हे असंच राहू द्या, आठवड्याभरात वैधता हातात पडेल. ही ओळ खोडली तर साक्षीदार गेला, चित्र गेलं, उत्तरंही गेली. तुमच्या बाजूनं कागदावर काहीही उरत नाही.

"खोडा," रंजीता म्हणाली.

"मी खोडणार नाही. तुम्हीच खोडा आणि बाजूला सही करा. उद्या माझ्यावर नको."

तिनं पेन घेतलं. ते कुंचल्यासारखं धरलं. ओळीवरून तिनं सरळ रेघ मारली आणि सही केली. मागं बाक करकरला. देवाजी उठला होता. आता बाप हात जोडणार, पोरगी लहान आहे, रागात बोलली, म्हणणार, हे तिला मान न वळवताही दिसत होतं. ते ऐकायची तिची तयारी नव्हती. तिनं डोळे टेबलावरच ठेवले.

"साहेब," देवाजी म्हणाला, "माह्या बहिणीले तुमी नापास केलं. पोरीचं खोटं पास केलं, खरं नापास केलं. आता माही बी साक्ष घ्या."

साहेब म्हणाले की तुमची साक्ष लागत नाही, एक साक्षीदार झालेला आहे. देवाजी मान हलवून मागं बसायला हवा होता. चौतीस वर्षांची सवय तशी होती. पण तो टेबलापाशीच उभा राहिला आणि म्हणाला की मग मी इथून जात नाही, पुढचं कोण आत येते ते बघतो. बाहेर रांग होती, आणि साहेबांना जेवायची वेळ झाली होती. त्यांनी एक कोरा नमुना त्याच्यापुढं ढकलला.

देवाजी सावकाश लिहीत होता. नाव, वय, गाव, जमात. सांगायचं काय, या रकान्यात त्यानं लिहिलं की बहीण सांगते ते खरं आहे आणि पोरगी काढते ते चित्र तिचं आहे. शेवटी अर्जदाराशी नातं लिहायची जागा होती. तिथं त्यानं पेन दाबून लिहिलं, बाप. साहेबांनी कागद उलटा करून वाचला आणि म्हणाले, इथं वडील असं लिहायचं असतं, ते खोडा आणि नीट लिहा. देवाजीनं पेनाला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या हातात परत दिलं.